बिनपडद्याचे कॉम्प्युटर

काकांच्या घरात बल्ब नव्हता. होल्डर होता, त्याच्यावर कोळ्याचं जाळं होतं, बटणही होतं. बल्ब तेवढा नव्हता. मी पहिल्यांदा गेले ते थंडीचे, लवकर काळोख पडायचे दिवस होते. कांदिवली स्टेशनपासून चालत जाऊन दुसरा मजला चढले, तर दार सताड उघडं आणि आत मिट्ट काळोख. त्या काळोखात कुणीतरी भयंकर वेगाने बोलत होतं. तापल्या तेलात मोहरी पडावी तसं तडतड तडतड, मध्ये श्वाससुद्धा नाही. मी उंबऱ्यातच थबकले.

"आत ये ना. उभी काय राहिलीस?" तडतड थांबली आणि एक जाड, घोटून घोटून गुळगुळीत केलेला आवाज आला.

"काका, लाइट लावू का?"

"लाव की. बल्ब नाहीये. तुला लागत असेल तर उद्या येताना तुझा तू आण."

दुसऱ्या दिवशी मी बल्ब घेऊन गेले, स्टुलावर चढून लावला आणि मग मला ती खोली दिसली. एका भिंतीला लोखंडी मांडणी आणि तिच्यावर ओळीने कॉम्प्युटर. पिवळे पडलेले, ओरखडलेले, एकाच्या अंगावर अजून कुठल्याशा क्लासचं स्टिकर. सगळे चालू. पंख्यांची घरघर, मधूनच एखादा हिरवा दिवा. आणि एकालाही स्क्रीन नाही. कीबोर्ड होते, छोटे स्पीकर होते, पण बघायचं असं काहीच नव्हतं.

काका जन्मापासून अंध. फोर्टातल्या एका बँकेच्या मुख्य कचेरीत आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होते, म्हणून तो घोटलेला आवाज. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक गावी जातात, देवदर्शनाला जातात; यांनी लोकांचे टाकाऊ कॉम्प्युटर घरी आणायला सुरुवात केली.

मी त्यांच्याकडे पोचले ती कांबळे मॅडममुळे. घाटकोपरला अंध मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या त्या अधीक्षिका. मी तेव्हा एका खासगी क्लासमध्ये शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्या मुलींना धडे वाचून दाखवायला जायचे. एकदा मॅडम म्हणाल्या, "तू कांदिवलीचीच ना गं? तिकडे एक काका आहेत. आमच्या मुलींसाठी ब्रेलमध्ये पुस्तकं छापून देतात. पानं स्कॅन करून मजकूर काढतात, पण त्यात चुका राहतात. तपासायला डोळस माणूस हवंय. स्वभाव जरा विचित्र आहे हां. दोघीजणी पळून गेल्या. तू टिकशील."

का कोण जाणे, पण मी टिकले. काका मला नावाने कधीच हाक मारत नसत. "डोळसबाई" म्हणायचे. "डोळसबाई, तो 'हिमालय' आहे का 'हिमलाय', बघ जरा. मशीन वाचतंय ते मला पटत नाही."

त्या कॉम्प्युटरांवर दुकानात मिळते ती नेहमीची सिस्टिम नव्हती. जगभरातली हौशी आणि जाणकार माणसं आपापल्या घरून जी बांधतात, दुरुस्त करतात आणि कुणालाही फुकट देतात, ती होती. काका तिला "आपली सिस्टिम" म्हणत, जणू काही तिच्यात त्यांचा वडिलोपार्जित हिस्सा होता. ती जुन्यातल्या जुन्या यंत्रावर चालते, आणि पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा आवाज तिच्यात आधीपासूनच असतो. ती तडतड म्हणजे तोच आवाज. मला एक अक्षर कळायचं नाही. काकांना तो तसाच, धावता लागायचा. "हळू बोलणाऱ्या माणसांनी माझी पंचवीस-तीस वर्षं खाल्ली फोनवर," म्हणायचे. "आता नाही."

विकत मिळणारं बोलकं सॉफ्टवेअर त्यांनी एकदा वापरलं होतं. त्याची मुदत संपली आणि एके सकाळी ते वाक्याच्या मध्येच गप्प झालं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं. "घर भाड्याचं घेईन, पंखा भाड्याचा घेईन. भाड्याचा आवाज नको."

कॉम्प्युटर कुठून आला त्यावरून त्याचं नाव पडायचं. एक 'दवाखाना', एक 'क्लासेस', एक 'शिंपी'. एका वकिलाच्या ऑफिसातून आलेला 'वकील' सगळ्यांत थोर. काका मांडणीसमोरून जाताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत. "शिंप्याला ताप आहे. पंख्यात धूळ गेली." मग त्याला उघडून रंगाच्या ब्रशने झाडायचे, नाक आत घालून हुंगायचे. जळका वास कुठल्या भागातून येतो ते त्यांना बरोबर कळायचं. काही वेळा बरोबर कळायचं नाही, मग शॉक बसायचा आणि बँकेच्या ऑपरेटरला न शोभणारे शब्द ऐकू यायचे. बरा झालेला कॉम्प्युटर कुणा गरजू अंध मुलाकडे जायचा, आणि त्याच्या जागी कुणीतरी फेकलेला दुसरा यायचा. कॉम्प्युटर घेऊन येणारा माणूस "जुना आहे हो" म्हणाला की काका चिडत. "जुना काय? वापरलेला म्हण. तू स्वतः काय शोरूममधून आलायस?"

सिस्टिम बनवणाऱ्या माणसांशी त्यांचा सतत ईमेल चालायचा. इंग्रजी अगदी बँकेच्या वळणाचं. सुरुवात "रिस्पेक्टेड सर" आणि शेवट "युअर्स फेथफुली". पलीकडून कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस "हाय" म्हणून दोन ओळींत उत्तर द्यायचा. काकांचा पहिल्यांदा अपमान झाला. मग हळूहळू मैत्री झाली. त्याला ते 'दाढीवाला' म्हणायचे.

"त्याला दाढी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"वाक्यं बघ ना त्याची. हा माणूस दाढीत हात घालून विचार करून लिहितो."

त्यांचं सगळ्यांत मोठं भांडण झालं ते 'ळ'वरून. मराठी वाचताना तो यांत्रिक आवाज 'ळ'चा 'ल' करायचा. 'बाळ' म्हणजे 'बाल', 'काळा' म्हणजे 'काला'. काकांना ते सहन होईना. "पोरी हे ऐकून शिकणार. उद्या डाळीला दाल म्हणतील. आपण काय यासाठी जगलो?" त्यांनी मेलमागून मेल पाठवले. समोरच्याला आधी कळेचना की या दोन आवाजांत फरक काय. शेवटी दाढीवाल्याने लिहिलं की, नुसती तक्रार नको, नमुने पाठवा. मग काका पंखे बंद करून, घामाने निथळत बसले आणि स्वतःच्या त्या घोटलेल्या आवाजात शब्द म्हणत राहिले. कमळ. वेळ. पळ. मावळ. नळ. खालून तावडेवहिनी ओरडल्या, "काका, नळाला पाणी आलंय का?" आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पण काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली आणि तिच्यात 'ळ' नीट आला. त्या दिवशी काकांनी 'वकिला'कडून 'बाभूळ' हा एकच शब्द इतक्या वेळा म्हणून घेतला की मी कान झाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

या तावडेवहिनी खालच्या मजल्यावर राहायच्या, बरोबर काकांच्या खाली. मूळच्या कणकवलीच्या, तोंडाने फटकळ. त्यांचं आणि काकांचं वैर होतं आणि त्याला कारण होतं ब्रेल छापायचं यंत्र. हे यंत्र जाड कागदाला सुयांनी ठोसे मारून ठिपके उठवतं. आवाज असा, की कुणीतरी पत्र्यावर खिळे ठोकतंय. ते एका संस्थेने काढून टाकलं होतं, कारण त्याची रुंद, जुन्या घडणीची वायर नव्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही. 'वकिला'च्या पाठीला मात्र तसं तोंड होतं. म्हणून 'वकील' थोर. काकांनी यंत्राखाली गाद्या घातल्या, वर गोधड्या पांघरल्या, तरी आवाज खाली जायचाच. वहिनी जिन्यात गाठायच्या. "काय कारखाना काढलाय का घरात? सोसायटीत तक्रार करीन हां!"

"करा," काका म्हणायचे आणि काठी टेकत वर जायचे. दुपारी वहिनींच्या झोपेच्या वेळी यंत्र बंद ठेवायचे, पण ते त्यांना सांगायचे नाहीत.

हल्ली काका बहिणीकडे डोंबिवलीला असतात. गुडघे गेले, जिने होईनात. मांडणी सोबत नेली आहे, बहिणीने एक खोली दिली आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर म्हणाले, "इथे बल्ब आहे. ताई हट्टी आहे."

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीचं, ज्या वर्षी वसतिगृहातली पाण्याची टाकी फुटली.

दहावीची परीक्षा जवळ आली होती. रात्रीतून टाकीचं पाणी छतातून झिरपलं आणि बरोबर खालच्या कपाटात मुलींची ब्रेलची पुस्तकं होती. भिजलेलं छापील पुस्तक वाळवून वाचता येतं, फार तर चुरगळलेलं दिसतं. ब्रेल भिजलं की ठिपके बसतात. कागद वाळतो, पण त्याच्यावर काही उरत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळं सपाट. कांबळे मॅडम फोनवर नीट बोलू शकत नव्हत्या. "मुली पानांवरून हात फिरवतायत रे देवा," एवढंच म्हणत होत्या.

काका म्हणाले, "सगळा मजकूर वकिलाकडे आहे. परत छापू. कागद पाठवा."

आणि आम्ही सुरू झालो. मी क्लास संपवून पळत यायची. इतिहास झाला, विज्ञान अर्ध्यावर आलं. आणि अशा भलत्या वेळी काकांना बुद्धी सुचली ती सिस्टिम नवी करायची. दाढीवाल्याने कळवलं होतं की जुन्या आवृत्तीची दुरुस्ती यापुढे होणार नाही. हे काही आजच करायला हवं होतं असं नाही. पण काकांना शिळं चालायचं नाही.

सकाळी मी गेले तर तडतड नव्हती. काका खुर्चीत बसले होते, एक हात 'वकिला'च्या डोक्यावर.

"चालू आहे," ते म्हणाले. "पंखा फिरतोय. पण बोलत नाहीये."

मला आधी त्याचा अर्थ लागला नाही. मग लागला. पडदा नव्हताच, आवाज हेच त्यांचं दार होतं आणि ते आतून बंद झालं होतं. काय चुकलंय हे विचारायला तो बोलायला हवा, आणि चुकलं होतं तेच मुळी बोलणं. बाकीच्या एकाही कॉम्प्युटरला छापायच्या यंत्राचं तोंड नव्हतं. वाटेत जागोजाग कागदाचे गठ्ठे पडले होते. काकांनी स्पीकर बदलून पाहिला, वायर काढून घातली, बंद करून चालू केलं. कपाळावर घाम होता. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"झाली ना वाट," ते म्हणाले. "माझीच घाई. पोरींचं वर्ष जाणार माझ्यामुळे."

"काका, कुणाकडून तरी स्क्रीन आणते ना. मी वाचते, तुम्ही सांगा."

त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. आयुष्यभर त्यांनी पडद्याशिवाय भागवलं होतं. मग म्हणाले, "आण."

पण आणणार कुठून? माझ्या क्लासमध्ये लॅपटॉपच होते. दुकानं उघडायला वेळ होता. मी जिना उतरले आणि तावडेवहिनींची बेल दाबली, कारण त्यांच्या टीव्हीला मागे जुन्या कॉम्प्युटरची निळी वायर लागते हे मी त्यांच्याकडे चहा पिताना पाहिलं होतं.

"टीव्ही?" वहिनी म्हणाल्या. "त्या कारखान्यासाठी?"

मी त्यांना सांगितलं. टाकी, मुली, परीक्षा, ठिपके. उंबऱ्यात उभी राहून एका दमात सांगितलं.

वहिनींच्या हातात लाटणं होतं, ते तसंच राहिलं. "म्हणजे तो ठाकठूक आवाज... पुस्तकांचा होता?"

"हो."

"मग हा माणूस बोलला का नाही कधी? मी इतकी वर्षं शिव्या देतेय!" आणि मला काही कळायच्या आत त्यांनी गॅस बंद केला, टीव्हीच्या मागच्या वायरी ओढून काढल्या आणि म्हणाल्या, "धर त्या बाजूने. हळू. आपटलास तर बघ."

टीव्ही वर आला. काकांच्या खोलीत पहिल्यांदाच पडदा उजळला. काळ्यावर पांढरी अक्षरं. काका म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. जे ओळखीचं दिसलं ते वाचलं, बाकीचं सोडलं.

"मध्ये काय होतं?"

"काही नाही काका, नुसते आकडे आहेत."

"तुला महत्त्वाचं वाटतं ते वाचू नकोस. सगळं वाच. टिंब असेल तर टिंब म्हण."

मग मी टिंबासकट वाचलं. काका आकडे पुटपुटत होते, मी सांगितलेल्या जागी बोटं चालवत होते. सगळं ठीक दिसत होतं. सिस्टिम म्हणत होती, मी बोलतेय. खोलीत मात्र शांतता. शेवटी मी माझ्या फोनवरून दाढीवाल्याला लिहिलं. या वेळी "रिस्पेक्टेड सर" काकांनी घालू दिलं नाही. "वेळ नाहीये. हाय म्हण."

उत्तर लगेच आलं. त्याने एक आज्ञा द्यायला सांगितली आणि पडद्यावर काय येतं ते जसंच्या तसं पाठवायला सांगितलं. मी पाठवलं. मग बराच वेळ काहीच नाही. वहिनी हात पुसत दारात उभ्या होत्या. काका म्हणाले, "दाढीत हात घातला असेल त्याने."

आणि मग दोन ओळी आल्या. त्या मी मोठ्याने वाचल्या. यंत्रात आवाजाची दोन कार्डं दिसतायत, तो म्हणत होता. नव्या आवृत्तीत त्यांचा क्रम उलटा झाला असावा. मागे स्पीकर लावायला आणखी एक भोक आहे का?

काकांचा हात 'वकिला'च्या पाठीमागे गेला. बोटं चाचपत खाली सरकली. त्या वकीलसाहेबांनी कधीकाळी काहीतरी रेकॉर्ड करायला एक जादा कार्ड बसवून घेतलं असणार. काकांनी ते हाताने कितीदा तरी पुसलं होतं, वापरलं कधी नव्हतं. त्यांनी स्पीकरची पिन एका भोकातून काढली आणि दुसऱ्यात घातली.

तडतड तडतड तडतड. साचलेलं सगळं एकदम, पूर्ण आवाजात.

"गे बाय माझ्ये!" तावडेवहिनी दोन पावलं मागे उडाल्या.

काका हसायला लागले. हसता हसता खाली फरशीवर बसले आणि बनियनने तोंड पुसत राहिले. "अरे, हा सकाळपासून बोलतोय," ते म्हणाले. "सकाळपासून बिचारा सांगतोय सगळं. मीच दुसऱ्या दाराशी कान लावून बसलो होतो." मलाही रडू आलं, हसूही आलं. वहिनींनी खाली जाऊन तिघांसाठी चहा आणला आणि सोबत पोळ्या आणल्या. त्या घरात मी काकांना दुसऱ्याच्या हातचं खाताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे तो क्रम कायमचा सरळ करायला एक ओळ लिहावी लागली. काकांनी ती लिहिली आणि झाला प्रकार सविस्तर कळवला. "माझ्यासारखा आणखी कुणी तरी असेल ना कुठे, हात ठेवून बसलेला," म्हणाले. दाढीवाल्याने पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती घातली.

पण ते नंतर. त्या दिवशी लगेच यंत्र सुरू झालं आणि थांबलं नाही. दुपारीसुद्धा नाही. वहिनीच वर येऊन बसल्या. छापून आलेल्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकांची पट्टी असते, ती फाडून काढावी लागते. ते काम त्यांनी घेतलं. आवाजात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, तरी त्या आपल्या सुनेबद्दल सांगत होत्या आणि काका "बरोबर, बरोबर" म्हणत होते.

सगळं बांधून झालं तेव्हा ती पुस्तकं दोन रिक्षांत मावेनात. ब्रेलमधला एक भूगोल म्हणजे चार-पाच उशा. काका म्हणाले, मी येत नाही. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, सत्कार करतील. मी म्हटलं, कांबळे मॅडमना मी सांगते. मग ते मांडीवर विज्ञान घेऊन रिक्षात बसले आणि घाटकोपर येईपर्यंत दर सिग्नलला विचारत राहिले, "वारा लागत नाही ना त्याला? दमट नाही ना हवा?"

मॅडमनी शाल आणून ठेवली होतीच. काकांनी ती हाताने चाचपली, "चांगली आहे, कुणा पोरीला द्या," म्हणाले आणि बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसले. आत अभ्यासाच्या खोलीत मुलींनी गठ्ठे सोडले. एकच गलका. कुणाचं काय ते शोधाशोध, ओढाओढ. एक जण ओरडली, "अय्या, बोटाला लागतंय!" नवे ठिपके टोकदार असतात, जुन्या, वापरून गुळगुळीत झालेल्या पानांची त्यांना सवय होती. "मस्त लागतंय!" दुसरी म्हणाली. मग मोठ्याने वाचणं सुरू झालं, सगळ्यांचं एकदम, प्रत्येकीचा विषय वेगळा.

थोड्या वेळाने त्यांच्यातली सगळ्यांत उंच मुलगी आभार मानायला बाहेर आली. "काका कुठे बसलेत?" तिने मला विचारलं. मी काही म्हणायच्या आत तिने मान कलती करून ऐकलं. बाकावर काका भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. किती दिवसांची झोप होती देव जाणे. ती मुलगी क्षणभर तिथे उभी राहिली. मग मागे वळली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली आणि आत डोकं घालून दबक्या आवाजात म्हणाली, "ए, मनात वाचा गं. काका झोपलेत."

खोली एकदम गप्प झाली. कागदावरून बोटं फिरत होती, तेवढाच काय तो आवाज.